भिंतीचं वय भिंत सांगत नाही

मागच्या लेखात पीटमधले परागकण कसे वेगळे काढतात आणि कसे मोजतात ते सांगितलं होतं. तो वाचून तुमच्या मनात एक साधा प्रश्न आला असेल: परागकण मोजले, ठीक आहे, पण ते कधीचे आहेत हे कळतं कसं? आज त्याबद्दलच लिहिते आहे, पण लॅबमध्ये बसून नाही. आयर्लंडच्या मेयो काउंटीचा उत्तर किनारा दोन दिवस पायी आणि गाडीने फिरून आले, त्या फिरण्याबद्दल लिहिते आहे.

जायला कारण घडलं ते असं. गेल्या महिन्यात माझ्या तीन नमुन्यांच्या तारखा आल्या. त्यातली एक उलटी निघाली. पीटमध्ये जितकं खोल जावं तितकं जुनं सापडतं, हा पहिला धडा. माझा ६२ सेंटिमीटरवरचा नमुना मात्र ८० सेंटिमीटरवरच्या नमुन्यापेक्षा जुना आला. म्हणजे दोन्हींपैकी एक तरी चुकीचा, आणि त्यावर उभं केलेलं माझं अख्खं प्रकरण लटकलेलं. मी बरीच कारणं तयार करून मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू नेमकं कशाचं वय काढलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. मग लॅबमधल्या मैत्रिणीने सुचवलं, चल, केजे फील्ड्सला जाऊन येऊ. हा प्रश्न तिथे गेली पन्नास वर्षं चालू आहे.

पीटच्या खालची शेतं

बॅलीकॅसल हे या भागातलं छोटं गाव. (नकाशात शोधताना 'मेयो' लिहायला विसरू नका. याच नावाचं गाव उत्तर आयर्लंडच्या अँट्रिममध्येही आहे आणि ते बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला आहे.) तिथून समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेला आठेक किलोमीटर गेलं की डाव्या हाताला उतारावर काचेचा माथा असलेला एक पिरॅमिड दिसतो. उजव्या हाताला शंभराहून अधिक मीटरचा सरळ तुटलेला कडा आणि खाली अटलांटिक. पिरॅमिड म्हणजे केजे फील्ड्सचं माहिती केंद्र, १९९३ मध्ये उघडलेलं. आत शिरल्या शिरल्या मधोमध पाइनचं एक भलंमोठं खोड उभं केलेलं आहे. ते पीटमधून काढलेलं, सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचं.

बाहेर उतारावर पाहायला गेलात तर पहिल्यांदा निराशाच होईल. तपकिरी गवत, हिदर, शेवाळ, मधूनमधून पाण्याची डबकी. शेत कुठे आहे? शेत पायाखाली आहे. या पीटच्या थराखाली दगडी बांध आहेत आणि त्यांची एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. लांबच लांब समांतर बांध डोंगराकडे चढत जातात आणि त्यांच्यामध्ये आडवे बांध घालून वावरं पाडलेली आहेत. आपल्याकडे बांधावरून भांडणारी भावकी आठवली ना? मलाही आठवली.

आधी पीट म्हणजे काय ते दोन वाक्यांत. जिथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत राहतो, हवा थंड असते आणि जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही, तिथे मेलेली झाडंझुडपं पूर्ण कुजत नाहीत. ओल्या, आंबट, हवा नसलेल्या चिखलात ती साचत राहतात आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने थर वाढतो. महाबळेश्वरला इथल्यापेक्षा कितीतरी पट जास्त, पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो, नंतर ऊन तापतं आणि पालापाचोळा कुजून जातो. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर अशी चादर तयार झाली नाही. मेयोत मात्र जमीनच पांघरूण घेऊन झोपली. काही ठिकाणी हे पांघरूण चार मीटर जाड आहे.

इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पीट विटांसारखं कापून, वाळवून, चुलीत जाळत आले. त्याला ते टर्फ म्हणतात. बेल्डेरिग हे केजे फील्ड्सच्या पश्चिमेचं गाव. तिथे पॅट्रिक कॉफील्ड नावाचे शाळामास्तर होते. टर्फ कापताना खाली दगडांचे ढीग लागतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी त्यावर विचार केला. हे दगड आपोआप पडलेले नाहीत, ओळीने रचलेले आहेत. आणि ते पीटच्या खाली, मूळ जमिनीवर आहेत. म्हणजे कुणीतरी पीट वाढायच्या आधी ते रचले. पीट वाढायला हजारो वर्षं लागतात, म्हणून बांधही हजारो वर्षांपूर्वीचे. १९३४ मध्ये त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला पत्र लिहून हे कळवलं. उत्खनन वगैरे लगेच काही झालं नाही.

त्यांचा मुलगा शेमस कॉफील्ड पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि १९७०च्या दशकात वडिलांच्या त्या दगडांकडे परत आला. एवढा मोठा परिसर खणणार कसा? शेमसनी गावातलीच युक्ती उचलली. पीटमध्ये गाडली गेलेली पाइनची खोडं शोधायला लोक लांब लोखंडी सळई वापरत. सळई खुपसायची, लाकूड लागलं की हाताला कळतं. हीच सळई वापरून शेमस आणि त्यांचे विद्यार्थी बांधांचा माग काढत गेले. दगड लागला तिथे बांबूची काठी रोवायची, मग थोडं पुढे पुन्हा सळई. काठ्यांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि एक कुदळही न मारता शेतांचा नकाशा जमिनीवर दिसू लागला.

केंद्रातल्या गाइडने आमच्याही हातात सळई दिली. मीटरभर ती लोण्यात जावी तशी गेली आणि मग एकदम टक्‌! मनगटापर्यंत झणका आला. सहा इंच बाजूला सरकून पुन्हा खुपसली तर तो दगड नाही, सळई आणखी खाली गेली. म्हणजे बांधाची कड सापडली. मी रोज पीटच्या नळकांड्या सोलत बसते, पण इतका थेट पुरावा हाताला कधी लागला नव्हता.

मग वय कसं काढलं?

बांध कुठे आहे ते सळईने सांगितलं. कधीचा ते कोण सांगणार?

कार्बन-१४ पद्धत तुम्ही ऐकली असेल. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेत राहतं आणि त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. झाड मेलं की आवक बंद. मग उरलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजलं की मृत्यू कधी झाला ते कळतं. अडचण एकच. दगड कधी जिवंत नव्हता. त्यामुळे बांधाला ही पद्धत लावताच येत नाही. ती लावायची ती बांधाच्या वरच्या पीटला, बांधाशेजारी सापडलेल्या कोळशाला, किंवा पीटमध्ये मुळं रोवून वाढलेल्या पाइनच्या बुंध्याला. मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे मोजायचीही एक पद्धत आहे, पण तीसुद्धा बांधाखालच्या मातीचं वय सांगते, बांधाचं नाही.

घरातलं उदाहरण घेऊ. माळ्यावर रद्दीचा गठ्ठा आहे आणि त्याच्याखाली एक किल्ली सापडली. किल्लीच्या लगेच वरचा पेपर १० जून १९९५ चा आहे. किल्ली तिथे कधी पडली? एवढंच नक्की म्हणता येईल की १० जूनच्या आधी. एक दिवस आधी की वीस वर्षं आधी, हे पेपर सांगू शकत नाही. आता यात आणखी एक गुंता घाला. माळ्याच्या एका कोपऱ्यात रद्दी १९८० पासून साठायला लागली आणि दुसऱ्या कोपऱ्यात १९९५ पासून. पीटचं तसंच होतं. खोलगट जागी ते लवकर सुरू होतं, उतारावर उशिरा. त्यामुळे एका जागची तारीख उचलून शंभर मीटरवरच्या बांधाला चिकटवता येत नाही.

शेमस कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच पुरावे एकत्र केले: पाइनच्या बुंध्यांच्या तारखा, पीट सुरू झाल्याच्या तारखा आणि त्याच परिसरातली नवाश्मयुगीन थडगी. त्यात मायकल ओ'कॉनेल आणि कॅरन मोलॉय यांच्या परागकणांच्या कामाची भर पडली. त्यात दिसतं की इ.स.पू. ३७०० च्या सुमारास इथल्या जंगलातल्या झाडांचे परागकण घटतात आणि चराऊ कुरणात उगवणाऱ्या वनस्पतींचे वाढतात. सुमारे पाचशे वर्षं गुरं चरतात, थोडं धान्य पिकतं, आणि मग जंगल परत येतं. सगळं जुळवून निष्कर्ष निघाला की हे बांध साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, जगातल्या सर्वांत जुन्या शेतरचनांपैकी एक. केंद्रात तुम्हाला हीच गोष्ट सांगतात. २०१० मध्ये जागतिक वारसा यादीसाठी आयर्लंडने जी संभाव्य नावं दिली, त्यातही ही जागा होती.

आणि मग २०१७ मध्ये अँड्र्यू व्हाइटफील्ड या संशोधकाचा एक लेख आला. त्याने जुन्याच तारखा घेऊन जवळजवळ माझ्या मार्गदर्शकांचाच प्रश्न विचारला: या तारखा नेमक्या कशाच्या आहेत? त्याचं म्हणणं असं की त्या बांधांचं वय सिद्ध करत नाहीत. समांतर बांधांची अशी आखणी वायव्य युरोपात इतरत्रही सापडते आणि ती कांस्ययुगाची किंवा त्याच्याही नंतरची असते. मग केजेचे बांध तेवढे हजार-दोन हजार वर्षं आधीचे कशावरून? यावर परागकणवाल्यांनी २०२० मध्ये आपला सगळा पुरावा पुन्हा मांडून नवाश्मयुगाचीच बाजू घेतली. वाद मिटलेला नाही.

तुम्ही म्हणाल, दोन हजार वर्षं इकडे की तिकडे, काय फरक पडतो? फरक खूप पडतो. बांध साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे असतील, तर नुकतीच शेती शिकलेल्या माणसांनी मिळून अख्ख्या डोंगरउताराची वाटणी केली होती, आणि अशी वाटणी इतक्या लवकर दुसरीकडे क्वचितच दिसते. बांध नंतरचे असतील, तर ही युरोपभर घडलेल्या एका गोष्टीची आयरिश आवृत्ती ठरते. जमिनीला 'माझी' म्हणायला माणूस कधी शिकला, या प्रश्नाचं उत्तर या तारखेवर हलतं.

माझं मत विचाराल तर आधी कबूल करते, मी परागकणवाली आहे, तेव्हा माझा कल तुम्ही ओळखालच. तरीही केंद्राबाहेरच्या उतारावर उभं राहून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, जी कागदावर इतके दिवस दिसत नव्हती. परागकण सांगतात की नवाश्मयुगात इथे शेती होती. सळई सांगते की इथे बांध आहेत. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. 'हे बांध त्या शेतीचे' हे तिसरं वाक्य आहे, आणि त्याला स्वतःचा पुरावा लागतो. मास्तरांनी १९३४ मध्ये केलेलं विधान बघा: बांध पीटच्या आधीचे. ते कुणीही खोडलेलं नाही, कारण पुराव्याने जेवढं सांगितलं तेवढंच ते सांगतं.

मोडलेला किल्ला

दुपारी मागे वळून बॅलीकॅसलला आलो आणि गावातून उत्तरेला डाउनपॅट्रिक हेडकडे निघालो. गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं गवतातून चालायचं. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नाही. कठडा जवळजवळ नाहीच, म्हणून लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हात सोडू नका. टोकाला पोहोचल्यावर समोर समुद्रात एकटाच उभा असलेला, सुमारे पन्नास मीटर उंच खडकाचा सुळका दिसतो. वर हिरवं गवत आणि अंगावर थरावर थर, एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे. कपारींमध्ये किटिवेक आणि पाणकावळ्यांची गर्दी. याचं नाव डून ब्रिश्टा, म्हणजे मोडलेला किल्ला.

या सुळक्याच्या दोन जन्मकथा आहेत. एक अशी की क्रोम डुव नावाच्या एका सरदाराने ख्रिस्ती व्हायला नकार दिला, तेव्हा संत पॅट्रिकने आपली काठी जमिनीवर आपटली आणि जमिनीचा तो तुकडा सरदारासकट तुटून समुद्रात उभा राहिला. दुसरी अशी की १३९३ साली मोठ्या वादळात किनाऱ्याशी जोडणारी खडकाची कमान कोसळली आणि वर अडकलेल्या लोकांना जहाजांवरचे दोर वापरून सोडवावं लागलं.

भूशास्त्र इथे दोन गोष्टी सांगतं. सुळक्यातले थर आणि समोरच्या कड्यातले थर तंतोतंत जुळतात, म्हणजे कधीतरी हे सलग होतं. आणि हे थर सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी साचले. पण थर साचले ती तारीख वेगळी आणि सुळका तुटला ती तारीख वेगळी. खडकाचं वय मोजून तुटण्याचं वय मिळत नाही. त्यासाठी तुटण्याच्या वेळी तिथे असलेलं काहीतरी हवं. १९८० मध्ये काही मंडळी हेलिकॉप्टरने सुळक्याच्या माथ्यावर उतरली. त्यांच्यात आपले शेमस कॉफील्ड होतेच! वर त्यांना दोन दगडी बांधकामांचे अवशेष मिळाले. म्हणजे तुटण्याआधी तिथे माणसं राहत होती किंवा गुरं बांधत होती. दोर लावून माणसं सोडवल्याच्या कथेला निदान पाय ठेवायला जागा मिळाली.

त्याच टोकावर गवतात पांढऱ्या दगडांनी मोठी अक्षरं रचलेली आहेत: 'एअरा ६४'. एअरा म्हणजे आयर्लंड. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ होता. किनाऱ्यावर ऐंशीहून अधिक टेहळणी चौक्या उभारल्या होत्या आणि वरून उडणाऱ्या वैमानिकांना कळावं म्हणून चौकीशेजारी देशाचं नाव आणि चौकीचा क्रमांक लिहिला होता. ही चौसष्ट नंबरची. गंमत बघा, जेमतेम ऐंशी वर्षांपूर्वीची ही अक्षरं, पण तीही गवताखाली गेली होती आणि पुन्हा मोकळी करावी लागली. जमीन गिळायला फार वेळ घेत नाही.

फ्रेंचांचं साल

अक्षरांपासून थोडं मागे आलं की मैदानाच्या मधोमध एक प्रचंड विवर आहे. खाली डोकावलं तर समुद्र आत शिरलेला दिसतो. लाटांनी खालून गुहा कोरली आणि वरचं छत कोसळलं. वादळात यातून पाण्याचा फवारा वर उडतो. आता भोवती जाळी आहे आणि एक स्मृतिफलक आहे. त्यावर तारीख आहे २२ सप्टेंबर १७९८. त्या दिवशी या विवरात जीव गमावलेल्यांच्या आठवणीसाठी तो लावला आहे. इथे सांगतात ते असं: इंग्रजी फौज मागावर होती, म्हणून गावातले पुरुष दोर सोडून विवरात उतरले आणि तळाच्या एका कपारीवर लपले. फौज लवकर हललीच नाही. वर दोर ओढणारं कुणी वेळेवर येऊ शकलं नाही आणि भरती आली.

हे समजायला आणखी पूर्वेला, किलाला उपसागरावर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किलकमिनच्या धक्क्यावर होतो. चार होड्या, जाळी, एक कुत्रा. २२ ऑगस्ट १७९८ ला याच किनाऱ्यावर तीन फ्रेंच युद्धनौकांतून जनरल हंबर्ट सुमारे हजार सैनिक घेऊन उतरला. इंग्रजी सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये बंड चालू होतं आणि क्रांतीनंतरचा फ्रान्स मदतीला आला होता, पण उशिरा. पूर्वेकडचं मोठं बंड तोवर चिरडलं गेलं होतं. तरी मेयोतले शेतकरी हजारोंनी हंबर्टला मिळाले. किलाला पडलं, बॅलिना पडलं. मग हंबर्टने रातोरात डोंगरातली आडवाट पकडून २७ ऑगस्टला कॅसलबार गाठलं. तिथली इंग्रजी फौज अशी पळाली की त्या लढाईला आजही 'कॅसलबारची शर्यत' म्हणतात.

त्या पळालेल्या फौजेचा सेनापती होता जनरल लेक. नाव ओळखीचं वाटतं ना? आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला लेक तो हाच. पाच वर्षांनी, सप्टेंबर १८०३ मध्ये, त्याने दौलतराव शिंद्यांच्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी घडवलेल्या कवायती पलटणींना दिल्लीजवळ हरवलं आणि १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या मोडल्या. १७९८ मध्ये त्याच्या वर आयर्लंडचा कारभार पाहणारा लॉर्ड लेफ्टनंट होता कॉर्नवॉलिस. टिपूविरुद्धच्या १७९०–९२ च्या युद्धात मराठे ज्याच्या बाजूने लढले तो कॉर्नवॉलिस. शाळेत ही माणसं आपल्याला भारतात आल्यावरच भेटतात. किलकमिनच्या धक्क्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की ती कुठूनतरी येत होती आणि तिथेही त्यांच्या मागे काही राहिलं होतं.

शेवट वाईट झाला. ८ सप्टेंबरला बॅलिनामक इथे हंबर्टने शरणागती पत्करली. फ्रेंच सैनिकांना युद्धकैदी म्हणून रीतसर वागवलं गेलं. त्यांच्यासोबतच्या आयरिश शेतकऱ्यांची मात्र कत्तल झाली. २३ सप्टेंबरला किलाला परत घेताना तेच पुन्हा घडलं. विवरावरच्या फलकावरची तारीख याच्या आदल्या दिवसाची आहे.

आता पुन्हा माझा प्रश्न. हे सगळं कळतं कशावरून? एक उत्तम लेखी साधन आहे. किलालाचे प्रोटेस्टंट बिशप जोसेफ स्टॉक यांच्या घरातच फ्रेंचांनी मुक्काम ठोकला होता. बिशप नजरकैदेत होते, घडेल ते टिपून ठेवत होते, आणि १८०० मध्ये त्यांनी ते छापलं. शत्रूपक्षाच्या माणसाने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या सभ्यतेचं इतकं मोकळेपणाने कौतुक केलं, म्हणून ते मोलाचं. पण बिशपच्या खिडकीतून किलाला दिसतं, डाउनपॅट्रिक हेडचं विवर दिसत नाही. विवरात उतरलेल्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्याबद्दल आहे ती गावाची आठवण. आयरिश भाषेत ते साल 'फ्रेंचांचं साल' म्हणूनच चालत राहिलं. सव्वाशेहून अधिक वर्षांनी रिचर्ड हेज नावाच्या माणसाने गावोगाव हिंडून त्या आठवणी गोळा केल्या आणि १९३७ मध्ये पुस्तक काढलं.

पीटची आणि बिशपच्या टिपणांची मला एकाच रीतीने आठवण ठेवावीशी वाटते. दोन्ही खरी, दोन्ही मोलाची, आणि दोन्ही आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीच्या शेजारची. पीटची तारीख बांधाच्या शेजारची आहे. बिशपचं पुस्तक विवराच्या शेजारचं आहे. शेजारच्याची साक्ष घ्यायची, नक्की घ्यायची, फक्त ती शेजारच्याची आहे हे लिहून ठेवायचं.

माझा ६२ सेंटिमीटरचा नमुना

परत आल्यावर पहिलं काम केलं ते वही उघडून पाहण्याचं. ६२ सेंटिमीटरला मी पीटचा अख्खा तुकडा पाठवला होता, त्यात काय काय आहे हे न निवडता. उरलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात लाकडाच्या बारीक काळ्या कण्या होत्या. माझी जागा उताराच्या पायथ्याशी आहे. वरचं जुनं पीट झिजून पावसाच्या पाण्याबरोबर खाली आलं असेल, तर त्या कण्या थराच्या कितीतरी आधी मेलेल्या झाडाच्या असू शकतात. म्हणजे यंत्राने चूक केलेली नव्हती. मी त्याला भलत्याच गोष्टीचं वय विचारलं होतं.

आता चिमट्याने शेवाळाची पानं आणि बिया एकेक निवडते आहे. वर उगवलं, तिथेच मेलं, तिथेच राहिलं असं जे असेल तेच पाठवायचं. एका नमुन्याला दोन दिवस लागतात. प्रकरण तीन महिने पुढे गेलं. मार्गदर्शकांनी ते शांतपणे ऐकलं आणि 'बरं' म्हणाल्या. माझ्या तक्त्यात 'खोली' आणि 'तारीख' असे दोन रकाने होते. मध्ये तिसरा आखला आहे आणि त्यावर लिहिलं आहे, 'कशाची'.

तुम्ही कधी त्या किनाऱ्यावर गेलात तर क्रम आमच्यासारखाच ठेवा: आधी केजे फील्ड्स, मग डाउनपॅट्रिक हेड, मग किलकमिन आणि किलाला. पाण्यात टिकतील असे बूट न्या, छत्री नेऊ नका, ती पाच मिनिटांत उलटी होते. आणि केंद्रात गाइडने सळई पुढे केली तर कपडे खराब होतील म्हणून मागे राहू नका. टक्‌ झालं की क्षणभर थांबा. दगड तिथे आहे, एवढं त्या क्षणी तुम्हाला पक्कं माहीत असतं.

पुढच्या लेखात नवीन तारखा आल्या असतील तर त्या दाखवते, सुलट्या असोत की उलट्या.